घडीच्या चाकूची मूठही मोजा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घडीच्या चाकूंविषयी वृत्तपत्रांत जी माहिती येते तिच्यात पोलादाचे नाव असते, पात्याची लांबी असते, कडकपणाचा रॉकवेल आकडा असतो. मुठीविषयी मात्र ‘पकड चांगली’ एवढ्यावर भागवले जाते. वापरणाऱ्याच्या हाताला पाते लागत नाही. त्याच्या हाताला लागते ती मूठ, नखाची खाच, स्प्रिंगचा ताण, लॉकची पट्टी आणि क्लिपची कड. बोथट पात्याला दगडावर पंधरा-वीस मिनिटांत धार येते; आखूड मूठ जन्मभर आखूडच राहते. चाकूंची दुरुस्ती करणारे आणि मुठी बसवणारे आम्ही काही जण हे पत्र मुद्दाम सविस्तर लिहीत आहोत, कारण ‘चांगली पकड’ म्हणजे नेमके काय, हे मोजून सांगता येते.

आधी लांबी. चार बोटे जुळवा आणि अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळहाताची रुंदी मोजा. प्रौढ पुरुषांत ती साधारण 80 ते 90 मिमी आणि स्त्रियांत 70 ते 80 मिमी भरते. मुठीवरची प्रत्यक्ष पकडीची जागा या मापापेक्षा निदान बोटभर जास्त हवी. हातातल्या हत्यारांसाठी किमान 100 मिमी आणि शक्यतो 115 ते 120 मिमी लांबीची मूठ सुचवली जाते, ती याच हिशेबाने. मूठ तळहाताच्या मध्येच संपली की तिचे टोक नेमके मऊ भागात रुतते, आणि त्या भागाखालून बोटांकडे जाणाऱ्या नसा व रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. थोडा वेळ जोर लावून कापल्यावर बोटांना मुंग्या येतात, त्या बऱ्याचदा यामुळे.

स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या चाकूंची मापे ठरलेली असल्याने उदाहरणाला सोयीची आहेत. त्यांतली नेहमीची मापे बंद चाकूला 58, 84, 91 आणि 111 मिमी. 58 चा चाकू मुठीत धरायचा नसतोच, तो चिमटीत धरायचा. दोरा, पाकीट, चिकटपट्टी यापलीकडचे काम त्याला सांगू नये. 91 चा मध्यम हाताला जेमतेम पुरतो, मोठ्या हाताची करंगळी मागे लोंबत राहते. 111 मध्ये चारही बोटे बसून वर थोडी जागा उरते. मात्र इथे एक फसगत होते. बंद चाकूची लांबी म्हणजे पकडीची लांबी नव्हे. पुढचा बोटाआडचा उंचवटा आणि मागचा दोरीच्या भोकाचा भाग वजा केला, की 115 मिमीच्या मुठीत हाताला येणारी जागा कधी कधी 90 मिमीच भरते. खरेदी करताना पट्टी लावायची ती या जागेला.

घेराचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. जोर लावून धरायच्या हत्याराची मूठ 30 ते 50 मिमी व्यासाची हवी. चिमटीच्या नाजूक कामाला 8 ते 16 मिमी पुरतात. आता खिशातला नेहमीचा चाकू घ्या: जाडी 12 मिमी, उंची 25 मिमी. कोपरे अजिबात गोल न केलेले धरले तरी घेर 74 मिमी. त्याउलट 30 मिमी व्यासाच्या गोल दांड्याचा घेर 94 मिमी. म्हणजे खिशातला चाकू जोराच्या कामाला मुळातच बारीक असतो. बारीक मुठीवर बोटे पूर्ण वळतात आणि त्यांची टोके तळहातावर टेकतात. मग आवळण्याचा जोर मुठीला न मिळता हाताचा हातालाच बसतो, माणूस आणखी आवळतो आणि मनगटापर्यंतचे स्नायू भरून येतात. चपटा चाकू खिशात सुखाचा असतो, पण हातात तो तितका सुखाचा नसतो. ही देवाणघेवाण उघडपणे सांगायला हवी.

जाडी वाढवली म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. स्विस चॅम्प या व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूत 33 कामांची अवजारे आहेत. त्याची जाडी सुमारे 33 मिमी आणि वजन 185 ग्रॅम. अवजारांची पेटी म्हणून तो अप्रतिम आहे. पण अशा अनेक थरांच्या चाकूत पाते सहसा मुठीच्या मध्यरेषेवर नसते, एका बाजूच्या थरात असते. कापताना जोर मध्यातून जात नाही, मूठ किंचित कलंडू पाहते आणि ती सरळ ठेवण्याचे काम मनगटाला करावे लागते. याच्या दुसऱ्या टोकाला फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातला ओपिनेल. 1890 पासूनची ही घडण: लाकडाची गोलसर, मध्ये फुगीर मूठ आणि पातळ पाते. आठ नंबरच्या ओपिनेलचे पाते 8.5 सेंमी, वजन जेमतेम 45 ग्रॅमच्या आसपास. त्याच्या मुठीला पुढे-मागे, वर-खाली कसेही धरले तरी कोपरा लागत नाही. खिशात तो फुगतो हे खरे. पण तासभर लाकूड सोलायचे असेल तर आमचा कौल त्यालाच.

बोटांसाठी खाचा पाडलेल्या मुठींना आमचा सरळ विरोध आहे. दुकानात त्या हाताला लगेच बिलगतात आणि माणूस भुलतो. त्या खाचा ज्या हातावर बेतल्या त्याच मापाच्या हाताला त्या बसतात. बोट जरा जाड असले की खाचेचा उंचवटा थेट पेरावर येतो. शिवाय चाकू एकाच पकडीत कधी चालत नाही. खोके कापताना तो मुठीत असतो, फळ सोलताना पाते अंगठ्याकडे येते, टोकाने रेघ मारताना तर्जनी पाठीवर जाते, दोर आपल्याकडे ओढून कापताना हात पालथा होतो. खाचांची मूठ यांतली एकच पकड मान्य करते. त्यापेक्षा मध्यभागी दोन-तीन मिमी फुगीर आणि दोन्ही टोकांकडे निमुळती मूठ सगळ्या पकडींना चालते.

मूठ बोचते कुठे, हे शोधायला काही कापावे लागत नाही. चाकू उघडून लॉक करा, धार शरीरापासून दूर ठेवा, मिनिटभर बऱ्यापैकी आवळून धरा आणि मग तो दुसऱ्या हाताने बाजूला ठेवून तळहात उजेडात पाहा. त्वचेवर शिक्का उमटलेला असतो. अंगठ्याच्या बुडाशी सरळ लाल रेघ असेल तर ती बहुधा पाठीमागच्या स्प्रिंगची वर आलेली कड. मधल्या बोटांच्या पेरांवर लांबट चौकट असेल तर क्लिप. तळहाताच्या टाचेवर छोटा वाटोळा ठसा असेल तर दोरीच्या भोकाची कड किंवा मुठीचे टोक. तर्जनीच्या बाजूवर करवतीसारखे दाते उमटले असतील तर लायनरवर, म्हणजे मुठीच्या आतल्या धातूच्या पट्टीवर, पाडलेल्या खाचा. पसरट, फिकट गुलाबी ठसा आला तर मूठ चांगली. बारीक आणि गडद रेघ आली तर तिथे पुढे फोड येणार. जोर तोच असला तरी तो अर्ध्या मिमीच्या कडेवर पडतो की दहा मिमीच्या गोलाईवर, यावर सगळे अवलंबून असते.

यातले पुष्कळ घरच्या घरी दुरुस्त होते. लाकडी मुठीच्या कडांसाठी आधी पाते बंद करून त्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्यावेत. 240 नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या पट्टीवर गुंडाळून कडेला 45 अंशांत जेमतेम अर्धा ते एक मिमी उतार द्यावा, मग 400 आणि 600 नंबरच्या कागदाने पट्टी काढून टाकून हातानेच तो गोल करावा. पट्टीशिवाय पहिला कागद फिरवला की कड लाटांसारखी होते. रिव्हेटजवळ जपून, कारण भोवतीचे लाकूड झिजले की रिव्हेटचे डोके वर येते आणि नवा काटा तयार होतो. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्यावेत. प्रत्येक हातानंतर जादा तेल पुसून घ्यावे. ते तेल पुसलेले फडके बोळा करून टाकू नये, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. ते उघड्यावर पसरून वाळू द्यावे.

जी-टेन या पदार्थाची मूठ फार खरखरीत असेल तर तीही घासता येते. पण तो काचेच्या कापडाचा आणि इपॉक्सीचा थर आहे, त्याची भुकटी फुप्फुसात जाता कामा नये. सुटा केलेला भाग पाण्याखाली धरून ओला पेपर वापरावा आणि तोंडाला मास्क लावावा. 400 नंबरने दहा-बारा हलके हात पुरतात; जास्त घासले की ओल्या हातात तीच मूठ निसटायला लागते. अंगठ्याखालच्या पाठीच्या खाचा हातमोजे घातलेल्या हातासाठी धारदार ठेवलेल्या असतात, उघड्या हाताला त्या सोलतात. 600 नंबरच्या कागदाने त्यांच्या माथ्यावरून चार-पाच वेळा फिरवले की पकड राहते आणि ओरखडा जातो.

क्लिपबद्दल दोन ओळी. खिशाला अडकवायची क्लिप ही मुठीवरची सगळ्यात उंच आणि सगळ्यात अरुंद वस्तू, आणि ती बसवलेली असते बोटांच्या पेरांखाली. ज्याला रोज बराच वेळ कापायचे आहे त्याने तिचे दोन-तीन स्क्रू काढून ती ठेवून द्यावी. क्लिप पाहिजेच असेल तर तिचे मोकळे टोक मुठीच्या मध्यावर न येता मागच्या तिसऱ्या हिश्श्यात संपते का, हे पाहावे.

आता उघडणे. पाठीमागे स्प्रिंग असलेल्या, लॉक नसलेल्या चाकूत सगळी भिस्त नखाच्या खाचेवर असते. स्प्रिंगचा पीळ एकच असतो, पण नखावर येणारा जोर खाच खिळीपासून (पाते जिच्याभोवती फिरते तिच्यापासून) किती दूर आहे यावर ठरतो. खाच खिळीपासून 25 मिमीवर असेल तर जो जोर लागतो, तो 40 मिमीवर निम्म्याहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे 63 टक्के उरतो. नख तुटण्याची तक्रार स्प्रिंगच्या नावावर खपते, पण बऱ्याच वेळा खाच चुकीच्या जागी असते. काही मुठींना खाचेपाशी अर्धवर्तुळाकार कापलेले असते, तिथे पाते दोन बाजूंनी चिमटीत धरता येते आणि नखाचे कामच पडत नाही. ज्यांच्या अंगठ्याच्या सांध्यात दुखणे आहे त्यांनी हीच रचना शोधावी. काही चाकूंत नव्वद अंशांवर पाते क्षणभर थांबते, तो अर्धा थांबाही उपयोगाचा: बंद करताना बोटे आवरून घ्यायला वेळ मिळतो.

एका हाताने उघडायच्या चाकूत पात्याला गोल भोक किंवा बाजूला खुंटी असते. स्पायडर्को या अमेरिकन कंपनीने 1981 मध्ये आपल्या वर्कर या चाकूत ते गोल भोक आणि खिशाची क्लिप आणली. भोकाचा मोठा फायदा असा, की अंगठ्याचा मांसल भाग त्यात थोडा बसतो आणि ओल्या हातानेही घसरत नाही. खुंटी मुठीच्या अगदी जवळ असेल तर अंगठा मुठीवर घासतो, फार पुढे असेल तर अंगठा ताणूनही पोचत नाही. अंगठा मुठीवर ठेवून हवेत जो कमानीसारखा फिरतो, त्या कमानीवर खुंटी यायला हवी.

फ्रेमलॉकच्या चाकूबाबत एक तक्रार फार ऐकू येते: कधी झटक्यात उघडतो, कधी अडकतो. या रचनेत मुठीची एक बाजू कापून तिचीच पट्टी लॉक म्हणून वापरलेली असते आणि त्या पट्टीवरची छोटी गोळी बंद पात्याला खळग्यात धरून ठेवते. उघडताना मधली बोटे त्या पट्टीवर दाबली गेली की गोळी खळग्यात आणखी घट्ट बसते, पाते हलत नाही. बोटे पट्टीवरून उचलून मुठीच्या कडेवर ठेवली की तोच चाकू लोण्यासारखा उघडतो. स्क्रू सैल करून हा दोष जात नाही, उलट पाते डुगडुगायला लागते.

बंद करतानाही जखमा होतात आणि तरीही त्याचा विचार कमी होतो. लायनरलॉक (यात मुठीच्या आतल्या लायनरचीच पट्टी लॉक होते) आणि फ्रेमलॉक या दोन्हींत लॉक सोडवायला अंगठा पात्याच्या वाटेत न्यावाच लागतो. क्रम असा: अंगठ्याने पट्टी बाजूला, दुसऱ्या हाताने पाठीवर किंचित दाब, पाते 20-30 अंश खाली आले की अंगठा बाहेर, आणि मगच पुढचे बंद करणे. पाठीवर लॉक असलेल्या चाकूंत, जसा बक या अमेरिकन कंपनीचा 1964 मधला 110 नंबरचा चाकू, अंगठा पात्याच्या वाटेत येत नाही, हे मोठे सुख. पण लॉकचा दाब मुठीच्या मागच्या टोकाला असल्याने हात सरकवून धरावा लागतो, आणि स्प्रिंग कडक असते. बक 110 चे वजनही 200 ग्रॅमच्या आसपास. पितळी टोप्यांमुळे तो हातात भरीव लागतो, पातळ कापडाच्या खिशात ओझे होतो. आडव्या दांडीचा लॉक, जो 1998 पासून अ‍ॅक्सिस या नावाने आला, दोन्ही बाजूंनी ओढता येतो आणि बोटे वाटेबाहेर राहतात. बोटांत जोर कमी असलेल्यांना आम्ही तोच सुचवतो. ओपिनेलची पाते अडकवणारी फिरती कडी 1955 ची. साधी आणि भक्कम, पण तिच्यात माती शिरली की ती घट्ट होते. ब्रशने झाडून काढावी, पकडीने फिरवू नये. लाकूड भिजून फुगल्यामुळे पाते निघेनासे झाले तर खाचेत नख घालून ओढण्यापेक्षा कडी उघडून मुठीचे मागचे टोक टेबलाच्या लाकडावर ठोकावे, पाते थोडे वर येते. मग सावलीत दोन दिवस वाळवावा.

लॉक नसलेल्या चाकूने भोसकण्याचे, भोक पाडण्याचे काम करू नये. टोकावर जोर दिला की पाते बोटांवर मिटते. इथे पकड कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

पाते डुगडुगते अशी तक्रार आली की पहिल्यांदा दिशा पाहावी. पाते उघडून लॉक करा, टोकाजवळ पाठीकडून चिमटीत धरा आणि हलवा. डावीकडे-उजवीकडे हलत असेल तर खिळीचा स्क्रू सैल आहे. तो बहुतेक वेळा टॉर्क्स टी-6, टी-8 किंवा टी-10 मापाचा असतो. एका वेळी पूर्ण फेऱ्याचा आठवा भाग, म्हणजे 45 अंश, आवळून पुन्हा तपासावे. पाते मध्यभागी बंद होईल आणि हलणार नाही, पण अडखळणारही नाही, अशी एक जागा सापडते. तो पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर स्क्रू काढून आटे पुसून मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा, टाचणीच्या डोक्याएवढा थेंब लावावा. जास्त लावला तर तो वॉशरपर्यंत ओघळतो आणि पाते चिकटते. पाते वर-खाली हलत असेल तर मात्र खिळीला हात लावू नये. तो दोष लॉक पात्याला जिथे टेकतो त्या जागेचा, आणि खिळी आवळून फक्त उघडणे जड होते. तेल द्यायचे ते खनिज तेल, खिळीपाशी एकच थेंब. खाद्यतेल काही महिन्यांत चिकट होते आणि खिशातला कापूस धरून ठेवते. ‘स्प्रिंग कडक झाली’ म्हणून आलेल्या चाकूत बऱ्याच वेळा हाच राप असतो. कोमट पाणी, साबण, जुना ब्रश, पूर्ण वाळवणे आणि मग तेल.

आणि एक गोष्ट मुठीची नसूनही हातालाच जाणवते: धारेमागची जाडी. धारेच्या अगदी मागे पाते 0.3 ते 0.5 मिमी जाड असेल तर पुठ्ठा सरळ कापला जातो. 0.8 ते 1 मिमी असेल तर पाते पाचरीसारखे अडकते, हात दुप्पट आवळतो आणि दोष मुठीला दिला जातो. धार प्रत्येक बाजूला 15 ते 20 अंशांत ठेवावी. वर्षानुवर्षे त्याच कोनात धार लावत गेले की धार पात्याच्या जाड भागाकडे सरकत जाते आणि धारेमागची जाडी वाढते. अशा वेळी खांदा, म्हणजे धारेचा उतार जिथे सुरू होतो ती कड, उतरवून पाते पुन्हा पातळ करावे लागते.

डावखुऱ्यांकडे या सगळ्या व्यवहारात कुणी पाहत नाही. नखाची खाच एकाच बाजूला, तीही उजव्या अंगठ्यासाठी. लायनरलॉकची पट्टी उजव्या अंगठ्याने ढकलायची. डाव्या हाताला ती तर्जनीने ओढावी लागते. क्लिपची जागाही उजव्या खिशासाठी. पाठीवरचा लॉक, आडवी दांडी आणि फिरती कडी या रचना दोन्ही हातांना चालतात, आणि क्लिप दुसऱ्या बाजूला लावायची भोके आहेत की नाहीत हे डोळ्यांनी दिसते. एवढे शब्द माहितीत आले तरी डावखुऱ्या वाचकाची फेरी वाचेल.

म्हणून विनंती अशी: पुढच्या वेळी चाकूविषयी छापताना प्रत्यक्ष पकडीची लांबी, मुठीची जाडी व उंची, खाचेचे किंवा भोकाचे खिळीपासूनचे अंतर, लॉकचा प्रकार, आणि डाव्या हाताने उघड-बंद होतो का, एवढे पाच तपशील द्यावेत. पट्टी आणि दोन मिनिटे पुरतात. जागा कमी पडली तर पोलादाचे नाव गाळले तरी चालेल.

आपले,
चाकूंची दुरुस्ती करणारे काही वाचक